फितूर साक्षीदार

व्हायरस लागलेला संगणक समोर आला की मी त्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. अडचण अशी, की विचारायचं तर त्यालाच असतं. आत कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, कोणती फाइल कुठे पडली आहे, इंटरनेटवर कोणाशी बोलणं चाललंय, सगळं त्याच्याच तोंडून ऐकायचं. आणि ती उत्तरं देणारी यंत्रणाच कदाचित दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेलेली असते. न्यायालयात साक्षीदार फितूर झाला की त्याची उलटतपासणी घेतात. आमचं काम बरंचसं तसंच आहे. एकच प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी विचारायचा आणि दोन उत्तरांत फरक पडतोय का, ते बघत बसायचं.

बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती पडद्यावर सरकणारी पट्टी आणि खुर्चीत रेलून बसलेला तंत्रज्ञ. "काय चाललंय?" "स्कॅन लावलाय." एवढाच संवाद. त्यामुळे व्हायरस काढणं म्हणजे अँटीव्हायरस टाकून वाट बघणं, असा समज पक्का झालेला आहे. स्कॅन लागतोच, पण स्कॅनरला जे ओळखता येतं तेवढंच तो सांगतो, आणि बिघडलेल्या विंडोजच्या आतून चालवला तर तेही धड सांगेल याची खात्री नाही.

हे खोटं बोलणं नवं नाही. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. फ्लॉपीचा बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचला जाणारा तुकडा, तो स्वतःच्या ताब्यात घ्यायचा आणि मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा खराब आहे अशी नोंद करून ठेवायचा. कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं की ब्रेन मधेच ती मागणी अडवायचा आणि बाजूला ठेवलेला जुना, निर्मळ सेक्टर पुढे करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं ठीक आहे. गंमत म्हणजे त्याच्या आत त्या भावांचं नाव, पत्ता आणि फोन नंबर होता, लस हवी असेल तर संपर्क करा म्हणून. स्वतःचा पत्ता देणारा व्हायरस फसवण्याच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून पारंगत होता.

जवळजवळ वीस वर्षांनी तोच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. ३१ ऑक्टोबर २००५ला विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने त्यांच्या संगणकात गुपचूप एक रूटकिट, म्हणजे स्वतःला आणि इतर फाइलना लपवणारं सॉफ्टवेअर, बसवलं आहे. कॉपी करण्याला आळा घालणारं ते सॉफ्टवेअर होतं, आणि ज्या फाइलच्या नावाची सुरुवात एका ठरावीक अक्षरसमूहाने होईल ती फाइल विंडोजला दिसूच नये अशी व्यवस्था त्याने केली होती. थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलना तशीच नावं द्यायला सुरुवात केली. आयती लपायची जागा कोण सोडेल?

रुसिनोविच यांच्या हातात जे हत्यार होतं ते मला अजूनही या क्षेत्रातलं सर्वांत देखणं वाटतं. रूटकिटरिव्हीलर नावाचा तो छोटा प्रोग्रॅम आधी विंडोजला नेहमीच्या रीतीने विचारायचा, की या डिस्कवर कोणकोणत्या फाइल आहेत. मग विंडोजला बाजूला सारून डिस्कवरच्या कच्च्या नोंदी स्वतः वाचायचा. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. डिस्कवर आहे पण विंडोज सांगत नाही, अशी फाइल सापडली की तिच्याकडे संशयाने बघायचं. म्हणजे खोटं बोलणारा खोटं बोलला म्हणूनच सापडतो. काहीच न लपवणारा व्हायरस या परीक्षेत सहज निसटला असता.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते.

संगणकाच्या आधी मी माणसाची चौकशी करते. कधीपासून असं व्हायला लागलं? त्या सुमारास काय डाउनलोड केलं? कोणाचा पेन ड्राइव्ह लावला होता? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "मी काहीच केलं नाही." त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. थोडा वेळ गेला की "हां, एक फाइल आली होती मेलवर, बिल म्हणून, पण ती उघडलीच नाही, म्हणजे उघडली पण आत काहीच नव्हतं" असं हळूहळू बाहेर येतं. ते 'आत काहीच नव्हतं' फार महत्त्वाचं. त्या दिवसाची, शक्य तर त्या तासाची तारीख मिळाली, की डिस्कवरच्या फाइल तारखेने लावून बघता येतात. उपद्रवी फाइल सहसा एकटी येत नाही. पाठोपाठच्या दोन-चार मिनिटांत जन्मलेलं सगळं कुटुंब एकाखाली एक दिसतं. अर्थात फाइलवरची तारीखही बदलता येते आणि काही व्हायरस ती बदलतात. पुन्हा तेच, साक्ष तपासून घ्यायची.

हे विचारत असतानाच नेटवर्कची वायर काढलेली असते आणि वायफाय बंद केलेलं असतं. बॅकअपची हार्ड डिस्क कायमची लावून ठेवलेली असेल तर तीही सोडवायची. बॅकअप आहे, असं लोक अभिमानाने सांगतात आणि तो त्याच संगणकाला चोवीस तास जोडलेला असतो. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो बॅकअपसकट सगळं कुलूपबंद करतो. त्यानंतर कामाच्या फाइलची प्रत, आणि प्रकरण गंभीर दिसलं तर अख्ख्या डिस्कची प्रतिमा. साफसफाई सुरू करण्याआधी प्रत घेतलेली नसेल तर पुढे कशालाही हात लावू नये, या बाबतीत मी हट्टी आहे.

एक कबूल करायला हवं, की 'व्हायरस लागलाय' म्हणून येणाऱ्या कितीतरी संगणकांत व्हायरस नसतोच. हार्ड डिस्क मरणपंथाला लागलेली असते, किंवा रॅम पुरत नसते. हल्ली तर आणखी एक प्रकार वाढलाय. पडद्याच्या कोपऱ्यात सारखे इशारे येतात, "तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत", खाली एक फोन नंबर. माणूस घाबराघुबरा. प्रत्यक्षात कुठल्यातरी साइटवर 'नोटिफिकेशन दाखवू का' या प्रश्नाला त्याने 'हो' म्हटलेलं असतं, आणि ती साइट ब्राउझरमार्फत या जाहिराती पाठवत असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली की संपलं. त्या नंबरवर फोन केला असेल आणि पलीकडच्याला संगणकाचा ताबा घेऊ दिला असेल, तर मात्र ती निराळी आणि वाईट गोष्ट आहे.

खरा व्हायरस असला की पहिली नजर प्रक्रियांच्या, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, यादीवर. टास्क मॅनेजर असतोच, पण मला प्रोसेस एक्स्प्लोरर आवडतो. तोही रुसिनोविच यांचाच. कोणाला कोणी जन्म दिला, हे तो झाडाच्या फांद्यांसारखं मांडून दाखवतो. विंडोजमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' नावाची प्रक्रिया एकाच वेळी डझनावारी चालू असते, म्हणून व्हायरसला हे नाव फार प्रिय. कधी दोन अक्षरांची अदलाबदल करून 'एससीव्हीहोस्ट' असं नाव घेतो, कधी हुबेहूब तेच. पण खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टिम-३२ फोल्डरात राहतो आणि त्याला सर्व्हिसेस नावाची प्रक्रिया जन्म देते. वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरातून चालू झालेला आणि वर्डच्या पोटातून जन्मलेला एसव्हीसीहोस्ट असूच शकत नाही. नावावर जाऊ नये. पत्ता बघावा, आई-बाप बघावेत, सही, म्हणजे फाइल कोणी बनवली याची डिजिटल खूण, बघावी. डिजिटल सही नसलेली प्रत्येक फाइल गुन्हेगार नसते, आणि चोरलेल्या सहीचे व्हायरसही होऊन गेलेत. तरी बिनसहीच्यांपासून सुरुवात केली तर वेळ वाचतो.

सापडला म्हणून लगेच 'एंड टास्क' दाबायचं नाही. इथे नवखे फसतात. बरेच व्हायरस जोडीने राहतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. पहिल्याला मारलं की दुसरा त्याला तत्क्षणी पुन्हा उभा करतो, दुसऱ्याला मारलं की पहिला. माणूस तासभर दोघांच्या मागे धावत राहतो. यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे: मारू नका, आधी दोघांना गोठवा. प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये 'सस्पेंड' आहे. गोठलेली प्रक्रिया जिवंतच असते, त्यामुळे राखण करणाऱ्याला जोडीदार गेल्याचं कळत नाही. दोघंही गोठले की मग एकेक करून संपवायचे.

त्यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा परत कसा उठतो? चालू प्रक्रिया मारणं म्हणजे फक्त आजचा दिवस भागवणं. व्हायरसला टिकायचं असेल तर रीस्टार्टनंतर आपोआप सुरू होण्याची सोय त्याला कुठेतरी करून ठेवावीच लागते, आणि ती सोय ज्या ज्या ठिकाणी करता येते त्यांची यादी लांबलचक असली तरी अमर्याद नाही. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) 'रन' नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, शेड्युल्ड टास्क, लॉगिनच्या वेळी कोणता शेल उघडायचा ती नोंद, ब्राउझरची एक्स्टेन्शन. एक विशेष लबाड जागा अशी, की 'अमुक प्रोग्रॅम उघडायला सांगितला तर त्याऐवजी हा डीबगर (चुका शोधणारा प्रोग्रॅम) उघड' असं विंडोजला सांगून ठेवता येतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी ती बनवली होती. व्हायरस तिथे अँटीव्हायरसचं नाव लिहितो आणि 'डीबगर' म्हणून स्वतःला बसवतो. तुम्ही अँटीव्हायरसवर डबल-क्लिक करता आणि व्हायरस सुरू होतो.

ही सगळी ठिकाणं एका पडद्यावर आणणारं साधन म्हणजे ऑटोरन्स. मायक्रोसॉफ्टच्या सह्या असलेल्या ओळी लपवा म्हटलं की हजारभर ओळींच्या थोड्या ओळी उरतात. त्या मी एकेक करून वाचते. प्रिंटर, साउंड कार्ड, कीबोर्डचा प्रोग्रॅम, हे, ते, आणि मग एक ओळ अशी येते जिचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी असते आणि पत्ता अॅपडेटाच्या खोल फोल्डरातला. संशय आला तर फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटांच्या ठशासारखा आकडा, काढून व्हायरसटोटलवर बघायचा. २००४मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झालेली ही सेवा २०१२मध्ये गुगलने घेतली. एकच फाइल तिथे कितीतरी अँटीव्हायरस इंजिनं तपासतात. मी हॅश पाठवते, फाइल नाही. लोक आपले करारनामे आणि पगारपत्रकं 'तपासून बघू' म्हणून तिथे टाकतात आणि वर गेलेली फाइल इतर सदस्यांना उतरवून घेता येते, हे त्यांच्या गावीही नसतं.

व्हायरस शांतपणे हे सगळं होऊ देतो असं नाही. सॅलिटी नावाचं व्हायरसचं एक खानदान आहे. ते टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करून टाकतं, आणि सेफ मोडच्या, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करण्याच्या सोयीच्या, नोंदीच रजिस्ट्रीतून पुसतं. त्यामुळे आपण नेहमीच्या भरवशाने सेफ मोडमध्ये जायला निघतो आणि समोर निळा पडदा येतो. नोव्हेंबर २००८मध्ये पसरायला लागलेला कॉन्फिकर तर अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइटच उघडू द्यायचा नाही. त्यावर तेव्हा एक युक्ती निघाली होती, तिला 'आय चार्ट' म्हणत. एक साधं वेबपेज, त्यात काही चित्रं. त्यातली काही अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइटवरून येणारी, काही इतर ठिकाणची. इतर ठिकाणची दिसली आणि कंपन्यांची दिसली नाहीत, तर आत कॉन्फिकर आहे असं समजायचं. व्हायरसने जे झाकलं त्यावरूनच व्हायरस ओळखायचा. ज्याने ही कल्पना काढली त्याला उलटतपासणी कळली होती.

ऑगस्ट २००३चा ब्लास्टर आठवतो का कोणाला? संगणक सुरू केला, इंटरनेट जोडलं, की थोड्या वेळात खिडकी यायची: साठ सेकंदांत संगणक बंद होईल. पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, डाउनलोड व्हायला साठ सेकंद कुठले पुरायला, तेही त्या काळच्या नेटवर. त्यावेळी ज्याला 'शटडाउन, वजा चिन्ह, ए' ही कमांड पाठ होती तो तज्ज्ञ समजला जायचा. ती टाइप केली की उलटी मोजणी थांबायची. मग फायरवॉल चालू करायचा, पॅच टाकायचा, व्हायरसची फाइल काढायची. पॅचआधी फाइल काढली तर पाच मिनिटांत ब्लास्टर पुन्हा दारात. हा क्रम चुकवून दिवसभर तेच तेच काम करणारे कमी नव्हते.

आतून प्रयत्न करून थकलं, किंवा आतल्यावर भरवसाच उरला नाही, की बाहेरून शिरायचं. माझा कल तर आधीच बाहेरून शिरण्याकडे असतो. यूएसबीवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची, बहुतेक वेळा लिनक्सवर आधारलेली रेस्क्यू डिस्क, आणि संगणक तिच्यावरून बूट करायचा. आता आजारी विंडोज सुरूच झालेलं नाही. डिस्कवर व्हायरस आहे, पण तो फक्त एक फाइल म्हणून पडलेला आहे, कोणी चालवल्याशिवाय तो काही करू शकत नाही. त्याला लपता येत नाही, आपल्याला अडवता येत नाही, जोडीदाराला उठवता येत नाही. जी फाइल कालपर्यंत 'वापरात आहे, पुसता येत नाही' म्हणून हटून बसली होती ती एका कमांडसरशी जाते. या क्षणाचं मला अजून अप्रूप वाटतं. हल्ली डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं, त्यामुळे आधी रिकव्हरी की मागावी लागते. ती कुठे ठेवली आहे, या प्रश्नावर बहुतेकांचा चेहरा कोरा होतो.

फाइल पुसणं आणि फाइल बरी करणं यांत फरक आहे, आणि तो आता हळूहळू विस्मरणात चाललाय. जुने व्हायरस खरोखरच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अंगात शिरायचे. प्रोग्रॅमच्या शेवटी आपला मजकूर जोडायचा आणि सुरुवातीला एक उडी टाकून ठेवायची, 'आधी तिकडे जा' अशी. अशा फाइलला बरं करायचं म्हणजे ती उडी काढून मूळ सुरुवात परत बसवायची आणि शेपटी छाटायची. मूळ बाइट व्हायरसने कुठे जपून ठेवलेत ते शोधलं तरच हे जमतं. १९८७मध्ये जर्मन प्रोग्रॅमर बर्न्ड फिक्स यांनी व्हिएन्ना नावाचा व्हायरस असा मोडून काढला; जगात मोकाट फिरणारा व्हायरस काढल्याची ती सर्वांत जुनी नोंद असलेली घटना मानतात. ज्या व्हायरसने मूळ मजकुरावरच गिरवलेलं असतं, तिथे बरं करण्यासारखं काही उरत नाही. आज आपण ज्याला सरसकट व्हायरस म्हणतो ते बहुतेक ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेले, असतात, स्वतंत्र फाइल म्हणून येतात, कोणाच्या अंगात शिरत नाहीत. म्हणून 'क्लीन' आणि 'डिलीट' ही दोन बटणं कित्येकांना सारखीच वाटतात.

पेन ड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस हा त्यामानाने पोरखेळ, पण त्याने रडवलेली माणसं मोजता येणार नाहीत. पेन ड्राइव्ह उघडावा तर सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. वर्षभराचं काम गेलं म्हणून माणूस हवालदिल. पण पेन ड्राइव्हवर जागा तर तेवढीच भरलेली दिसते! फोल्डर कुठेही गेलेले नसतात. व्हायरसने त्यांना 'लपलेले' आणि 'सिस्टिमचे' असे शिक्के मारलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. 'अॅट्रिब' ही डॉसच्या काळातली कमांड चालवून शिक्के पुसले की सगळं जिथल्या तिथे. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केली ती फेब्रुवारी २०११मध्ये. तोवर ते दार सताड उघडं होतं.

व्हायरस काढल्यावर नवंच काहीतरी बिघडतं, तेही सांगायला हवं. "व्हायरस गेला, पण नेट बंद पडलं." कारण व्हायरसने सगळी रहदारी स्वतःमधून वळवून घेतलेली असते. तो गेला, वळण तसंच राहिलं, आणि आता ते कुठेच जात नाही. प्रॉक्सी, होस्ट्स फाइल, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा), विनसॉक, नेटची वाट ठरवणारे हे चार कोपरे झाडल्याशिवाय संगणक परत द्यायचा नाही. डीएनएसचेंजर नावाच्या प्रकरणात हे जगभर झालं. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने त्या टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, पण ते बंद केले असते तर बाधित संगणकांचं इंटरनेट एका फटक्यात गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर चालवत ठेवले, ते थेट ९ जुलै २०१२पर्यंत.

मग येतो तो प्रश्न, ज्यावर तंत्रज्ञांमध्ये दोन तट पडतात. साफ करायचं की फॉरमॅट मारायचा?

फॉरमॅटला काही जण हार समजतात. पूर्वी मलाही निवडून निवडून साफ करण्यात मजा यायची; आता मी बऱ्याचदा डेटा काढून घेते आणि नवं विंडोज टाकते. याला कारण आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४च्या आपल्या शोधनिबंधात दाखवून दिलं होतं, की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. युक्तिवाद मजेदार आहे. असा सर्वज्ञ परीक्षक आहे असं माना. मग मी एक प्रोग्रॅम लिहिते, जो त्या परीक्षकालाच विचारतो, 'मी व्हायरस आहे का?' उत्तर 'हो' आलं तर तो गप्प बसतो, 'नाही' आलं तर पसरतो. परीक्षक काहीही बोलला तरी चुकतो. त्याच वर्षी केन थॉम्पसन यांचं संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराचं भाषण छापून आलं. त्यात त्यांनी दाखवलं, की कंपायलरमध्येच, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, चोरवाट लपवली तर मूळ कोड ओळ न् ओळ वाचूनही ती सापडणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी या दोघांनी जे सांगून ठेवलं त्याच्या पुढे जाऊन 'तुमचा संगणक शंभर टक्के साफ आहे' असं सांगणारी मी कोण?

तेव्हा निवड अशी करते: आगंतुक टूलबार, जाहिरातींचा उपद्रव, शॉर्टकट व्हायरस, यांना साफ करायचं. पासवर्ड चोरणारा, दुरून ताबा देणारा, किंवा सॅलिटीसारखा शेकडो फाइलींत शिरलेला निघाला तर वाद नको, फॉरमॅट. आणि फॉरमॅटही ब्रह्मवाक्य नव्हे. १९९८चा सीआयएच व्हायरस २६ एप्रिलला जागा व्हायचा, डिस्कची सुरुवात पुसायचा आणि संगणक सुरू करणारी मदरबोर्डची बायोस चिपही खराब करायचा. मग चिप काढून तिच्यावर नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नसे. २०१८मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडलेलं लोजॅक्स तर मदरबोर्डच्या यूईएफआयमध्येच, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारातच, राहायचं, डिस्क बदलली तरी परत यायचं. असली प्रकरणं विरळ. पण 'फॉरमॅट मारलाय, आता काही राहिलेलं नाही' असं कोणी छातीठोकपणे म्हणालं की मला लोजॅक्स आठवतो.

पासवर्ड चोरणाऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे संगणक साफ होऊनही उपयोग नसतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज त्याने पहिल्या काही मिनिटांतच पाठवून दिलेल्या असतात. तो स्वतःला पुसूनही गेलेला असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या, निरोगी उपकरणावरून पासवर्ड बदलायचे, आधी ईमेलचा, कारण बाकीच्यांच्या किल्ल्या तिथे येतात. आणि 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' हेही दाबायचं, नाहीतर चोरलेली कुकी पासवर्ड न विचारताच आत घेऊ शकते. लोक साफ न झालेल्या संगणकावर बसूनच नवे पासवर्ड टाइप करतात. म्हणजे चोराला नवी यादी.

खंडणीच्या व्हायरसपुढे आमचं कौशल्य फारसं चालत नाही. तो स्वतः काढायला सोपा असतो, कित्येकदा काम आटोपून निघूनही गेलेला असतो. फाइल मात्र कुलूपबंद राहतात. १९८९मध्ये जोसेफ पॉप यांनी एड्सविषयीची माहिती म्हणून टपालाने फ्लॉपी पाठवल्या. नव्वद वेळा संगणक सुरू झाला की त्यांतला प्रोग्रॅम फाइलींची नावं उलटसुलट करून १८९ डॉलर मागायचा, पनामातल्या टपालपेटीवर. त्यात नावं उलटसुलट करण्याची किल्ली प्रोग्रॅमच्या आतच होती, म्हणून जिम बेट्स यांना ते सोडवणारे प्रोग्रॅम लिहिता आले. आताचे लोक ती चूक करत नाहीत. तरी माझा सल्ला असतो, की कुलूप लागलेल्या फाइल आणि खंडणीची चिठ्ठी दोन्ही वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'वर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली वर्षभराने येऊ शकते. चिठ्ठी रागाने पुसून टाकली तर प्रकार कोणता हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

अँटीव्हायरसच्या भक्तांना दोन तारखा सांगाव्याशा वाटतात. २१ एप्रिल २०१०ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतल्या खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवून उचललं. संगणक सारखे रीस्टार्ट होऊ लागले, नेटवर्क गेलं. आणि १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर नेऊन ठेवले. त्या दिवशी तंत्रज्ञांनी केलं ते अगदी व्हायरस काढण्याचंच काम: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्समधल्या त्या फोल्डरात जा, ती फाइल पुसा, रीस्टार्ट करा, पुढच्या संगणकाकडे वळा. प्रत्येक ठिकाणी बिटलॉकरची की मागून. राखणदाराला जितके अधिकार द्यावेत तितकी त्याची चूक खोल जाते. म्हणून अँटीव्हायरस ठेवू नये असं माझं म्हणणं नाही. एका संगणकात दोन-तीन ठेवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

या सगळ्यात ज्याची चर्चा होत नाही ती गोष्ट म्हणजे लाज. व्हायरस कुठून आला ते मला बहुतेक वेळा कळतं. डाउनलोड्स फोल्डर आणि ब्राउझरची हिस्टरी तारखेसकट समोर असते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, त्याच्यासोबतचं कीजेन (खोटी लायसन्स-की बनवणारा प्रोग्रॅम), आणि त्याबरोबरच्या सूचनेत पहिली ओळ: 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' माणसाने तेही निमूटपणे केलेलं असतं. कधी याहून खासगी काही असतं. घरातली माणसं शेजारी उभी असतात आणि "कोणी आणला हा व्हायरस?" असं विचारतात. मी "सांगता येत नाही" म्हणते. फाइलींच्या प्रती घेताना फोटो आणि पत्रं उघडून बघायची नाहीत, नावं वाचली तरी विसरायची, हा नियम कोणी लिहून दिलेला नाही, पण जो तो पाळत नाही त्याच्या हाती मी माझा संगणक देणार नाही.

संगणक परत घेताना सगळे तोच प्रश्न विचारतात: "गेला ना नक्की?" मी कागद देते. काय सापडलं, कुठे सापडलं, काय काढलं, कोणत्या सेटिंग बदलल्या, कोणते पासवर्ड बदलायला सांगितले. 'साफ' असं त्यावर लिहीत नाही. काहींना तो कागद अपुरा वाटतो, त्यांना शिक्का हवा असतो. फॉरमॅट न मारलेल्या संगणकांच्या मालकांना मी आठवडाभराने पुन्हा बोलावते, ऑटोरन्सची जुनी यादी जपून ठेवलेली असते ती नव्या यादीशी जुळवून बघते. बहुतेकदा दोन्ही सारख्या निघतात. कधीतरी शेड्युल्ड टास्कमध्ये एक नवी ओळ आलेली असते, एखाद्या अपडेटचं नाव धारण करून, रोज पहाटे तीन वाजता चालणारी. मग डेटा तर आधीच काढलेला असतो, यूएसबी काढायची आणि त्या संगणकावर नवं विंडोज टाकायला घ्यायचं.